मिर-३३, मिर-१२२ आणि कोलेस्टेरॉल: जत-आटपाडीच्या शिबिरातल्या नमुन्यांवर काम करायचंय, आराखडा तपासून द्या

मिरज_बायोकेम (प्रश्न)

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या दोन विद्यार्थिनींच्या प्रकल्पाचा आराखडा करतोय. जत आणि आटपाडी तालुक्यांतल्या तपासणी शिबिरांत येणारे ३५ ते ६० वयाचे लोक घ्यायचे. ज्यांचं एलडीएल १६० मिग्रॅ/डेलीच्या वर आहे असे ४० आणि १०० च्या खाली आहे असे ४०. दोन्ही गटांच्या प्लाझ्मात मिर-३३ए, मिर-१२२ आणि मिर-१४८ए हे तीन मायक्रोआरएनए (इतर जनुकांना दाबणारे छोटे आरएनए) क्यूपीसीआरने (आरएनएचं प्रमाण मोजायची पद्धत) मोजायचे आणि लिपिड प्रोफाइलशी ताडून बघायचे. एथिक्स कमिटीकडे अर्ज पुढच्या महिन्यात जाईल, तोवर बदल करता येतील.

शंका अशा. प्लाझ्मातला मिर-३३ए वाढलेला दिसला तर यकृतातही तो वाढलाय असं म्हणता येतं का? स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) चालू असलेले लोक घ्यावेत की वगळावेत? रक्त जतला काढून मिरजेला आणायचं, म्हणजे दोन तासांचा रस्ता आणि एप्रिलचं ऊन, त्याचं काय करायचं? शिवाय शिबिरात लोक भात आणि हळदीबद्दल विचारतात. व्हॉट्सॲपवर 'तांदळातला आरएनए कोलेस्टेरॉल वाढवतो' असं काहीतरी फिरतंय. त्यांना नेमकं काय सांगावं?

लिपिड_कराड

सर, आधी मिर-३३ए कुठून तयार होतो ते धरा, तुमच्या पहिल्या दोन्ही शंका तिथेच सुटतात. एसआरईबीएफ२ या जनुकाच्या १६व्या इंट्रॉनमध्ये (प्रथिनाचा भाग न होणारा तुकडा) तो बसलेला आहे. हेच जनुक एसआरईबीपी-२ हे प्रथिन बनवतं, आणि पेशीतलं कोलेस्टेरॉल कमी पडलं की हेच प्रथिन एलडीएल रिसेप्टर (एलडीएल पेशीत ओढणारं प्रथिन) आणि एचएमजी-कोए रिडक्टेज (कोलेस्टेरॉल बनवणारं एन्झाइम) वाढवतं. म्हणजे पेशी कोलेस्टेरॉल आत ओढायला आणि घरात बनवायला लागते त्याच वेळी त्याच जनुकातून मिर-३३ए निघतो, आणि तो एबीसीए१ दाबतो. एबीसीए१ हा कोलेस्टेरॉल बाहेर काढून ॲपोए-१ या प्रथिनावर चढवणारा पंप, एचडीएलची सुरुवात तिथून होते. आवक वाढवायची आणि जावक रोखायची, ही दोन्ही कामं एकाच जनुकातून होतात. २०१० मध्ये तीन-चार गटांनी हे जवळजवळ एकाच वेळी दाखवलं.

मिर-३३बी हा त्याचा भाऊ एसआरईबीएफ१ च्या १७व्या इंट्रॉनमध्ये आहे, पण तो उंदरांत नाही. उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला लावताना इथे फार लोक अडखळतात, कारण एसआरईबीएफ१ इन्सुलिनने चालू होतं, म्हणून माणसात त्या बाजूनेही मिर-३३ वाढू शकतो. दुसरा फरक एबीसीजी१ या कोलेस्टेरॉल बाहेर काढणाऱ्या दुसऱ्या पंपाचा. उंदराच्या एबीसीजी१ मध्ये मिर-३३ ची बसण्याची जागा आहे, माणसाच्या जनुकात ती टिकलेली नाही. विद्यार्थिनींनी जुना उंदरांवरचा पेपर वाचून 'मिर-३३ चे लक्ष्य एबीसीजी१' असं प्रबंधात लिहिलं तर परीक्षक तिथेच पकडतील.

आता स्टॅटिन. स्टॅटिन पेशीतलं कोलेस्टेरॉल कमी करतं, त्यामुळे एसआरईबीपी-२ जागं होतं, त्यासोबत एलडीएल रिसेप्टर वाढतात, पीसीएसके९ (ते रिसेप्टर मोडीत काढणारं प्रथिन) वाढतं आणि मिर-३३ए पण वाढतो. रक्तातलं एलडीएल मात्र खाली येतं. तुमच्या '१०० च्या खाली' गटात स्टॅटिनवरचे दहा लोक शिरले तर कमी एलडीएलवाल्यांत मिर-३३ए जास्त दिसेल आणि विद्यार्थिनी त्यावर भलताच निष्कर्ष बांधतील. वगळाच. गोळीचं नाव न विचारता गोळ्यांची पाकिटं घेऊन यायला सांगा. 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणून जी सांगितली जाते तिच्यात पुष्कळदा ॲस्पिरिनसोबत ॲटोरव्हास्टॅटिन एकाच कॅप्सूलमध्ये असतं.

टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या. थायरॉइड मंद असेल तर एलडीएल त्यानेच चढतं. आणि १९० च्या वर एलडीएल असून टाचेमागच्या कंडरेवर (टेंडनवर) गाठ असेल, तर ते आनुवंशिक प्रकरण आहे. त्यांना अभ्यासात धरू नका, पण हृदयरोगतज्ज्ञाकडे जरूर पाठवा, घरातल्या सख्ख्या नात्यातल्यांसकट.

प्लाझ्मातला मिर-३३ए यकृताची खबर देतो का, याचं उत्तर: नाही, निदान थेट नाही. तो प्लाझ्मात फार कमी असतो आणि यकृताखेरीज इतर पेशींतूनही येतो. मिर-१२२ ची गोष्ट उलटी. यकृतातल्या एकूण मायक्रोआरएनएपैकी सुमारे ७० टक्के तो एकटाच आहे, त्यामुळे प्लाझ्मात तो सापडला तर यकृतातूनच आला असं म्हणायला हरकत नाही. पण यकृताच्या पेशी दुखावल्या की तो रक्तात सांडतो. तो वाढला म्हणजे यकृतात कोलेस्टेरॉल जास्त बनतंय असं नव्हे. फॅटी लिव्हर असेल, दारू असेल, कावीळ होऊन गेली असेल, तरी वाढतो. एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी नसेल तर मिर-१२२ चा आकडा वाचूच नका.

मिर-१४८ए तुम्ही घेतलात हे मला आवडलं. तो एलडीएल रिसेप्टर आणि एबीसीए१ दोघांनाही दाबतो. २०१५ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी उंदरांत दाखवलं की त्याला अडवलं की यकृतातले एलडीएल रिसेप्टर वाढतात आणि एलडीएल उतरतं. माणसांत त्याच्या जनुकाशेजारचे बदल एलडीएलशी जोडलेले सापडले आहेत. तिघांत मला तो सर्वांत बोलका वाटतो, पण पेशीत. प्लाझ्मात तो कुठून आला हे कळत नाही.

क्यूपीसीआर_सातारा

नमुन्यांबद्दल मी लिहिते. बहुतेक प्रकल्प इथेच बुडतात, मशीनवर नाही.

नळी ईडीटीएची, जांभळ्या झाकणाची. हिरव्या झाकणाची हेपॅरिनची नको, हेपॅरिन रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्शन (आरएनएवरून डीएनए बनवणं) आणि पीसीआर दोन्ही अडवतं आणि साध्या शुद्धीकरणात निघत नाही. १२ तास उपाशी पोटी, जाड सुई, ओढताना घाई नाही, नळी हलवायची नाही, फक्त आठ-दहा वेळा हळू उलटी-सुलटी करायची.

रक्त काढल्यापासून दोन तासांच्या आत पहिलं सेंट्रिफ्यूज झालंच पाहिजे. जतवरून मिरजेला अखंड रक्त आणलंत तर रस्त्याचे धक्के आणि ऊन यांनी लाल पेशी फुटतील. बर्फावर आणावं तर थंडीने प्लेटलेट चेततात. म्हणून छोटं सेंट्रिफ्यूज शिबिराच्या जागी न्या. शाळेत किंवा ग्रामपंचायतीत शिबिर असेल तर इन्व्हर्टरवर ते चालतं का हे आदल्या दिवशी बघून या, फिरता फिरता वीज गेली आणि रोटर आपोआप थांबला की थर पुन्हा मिसळतात.

पहिली फेरी १९०० जी (गुरुत्वाच्या १९०० पट), १० मिनिटं. प्लाझ्मा काढताना पांढऱ्या थराच्या वर अर्धा सेंटीमीटर सोडून द्या. लोभ केलात तर प्लेटलेट येतात. दुसरी फेरी १६,००० जी, १० मिनिटं, ४ अंशांवर, तळाची गोळी सोडून वरचं घ्या. पहिल्या फेरीनंतर प्लाझ्मा थंड पेटीत मिरजेला आणून दुसरी फेरी तिथे केलीत तरी चालेल. पण दुसऱ्या फेरीआधी गोठवू नका. गोठवलं की उरलेल्या प्लेटलेट फुटतात आणि त्यांच्यातला मिर-२२३ वगैरे सगळा प्लाझ्मात उतरतो, मग कितीही फिरवा, निघत नाही. शेवटी २०० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० अंशांत. एकदा वितळलेला भाग परत ठेवायचा नाही.

हिमोलिसिस (लाल पेशी फुटणं) डोळ्याने ओळखायला जाऊ नका, गुलाबी दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. ४१४ नॅनोमीटरला शोषण बघा, ०.२ च्या वर असेल तो नमुना बाजूला. त्याशिवाय प्रत्येक नमुन्यात मिर-४५१ए आणि मिर-२३ए चालवा. मिर-४५१ए लाल पेशींत ठासून भरलेला, मिर-२३ए वर हिमोलिसिसचा परिणाम जवळजवळ नाही. मिर-२३ए च्या सीटीतून मिर-४५१ए ची सीटी वजा करा (सीटी म्हणजे खूण दिसेपर्यंत लागलेल्या पीसीआरच्या फेऱ्या, आकडा कमी तर आरएनए जास्त). ५ च्या आत असेल तर नमुना स्वच्छ, ७ च्या वर गेला तर टाकून द्या. मधले असतील त्यांची नोंद ठेवून विश्लेषण त्यांच्यासह आणि त्यांच्याविना, दोन्ही करा. आणि हो, चरबीमुळे दुधाळ झालेल्या प्लाझ्मात ४१४ चा आकडा फसवतो. तुमच्या जास्त कोलेस्टेरॉलच्या गटात ट्रायग्लिसराइड चढलेले लोक असणारच, तिथे सीटीच्या फरकावरच विसंबा.

आरएनए काढताना: २०० मायक्रोलिटर प्लाझ्मा, १ मिलिलिटर फिनॉल-ग्वानिडिनचं लायसिस द्रावण, ५ मिनिटं थांबा, मग आरएनए किती निघाला ते कळायला बाहेरचा, सी-एलिगन्स या सूत्रकृमीचा मिर-३९ घाला. आधी घातलात तर प्लाझ्मातले आरएनएज (आरएनए तोडणारी एन्झाइम) त्याला क्षणात खातात, आणि तुम्हाला वाटेल की आरएनए निघतच नाही. नंतर २०० मायक्रोलिटर क्लोरोफॉर्म, १२,००० जी, १५ मिनिटं, ४ अंश. वरचा पाणीदार थर ६०० मायक्रोलिटर घ्या, मधल्या थराला पिपेटचं टोक लागू देऊ नका. दीडपट म्हणजे ९०० मायक्रोलिटर शुद्ध इथेनॉल घालून कॉलमवर, आणि शेवटी १४ मायक्रोलिटर आरएनएज-मुक्त पाण्यात उतरवा.

आरएनए नॅनोड्रॉपवर (प्रकाश शोषणावरून मोजणारं यंत्र) मोजू नका. प्लाझ्मात आरएनए इतका थोडा असतो की तो आकडा फिनॉलचा आणि कॅरियरचाच असतो. सगळ्या नमुन्यांतून सारखं आकारमान रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्शनला घ्या.

संदर्भ म्हणून यू६ घेऊ नका, तो केंद्रकातला आरएनए, प्लाझ्मात तो टिकून नसतो. पुष्कळ लोक मिर-१६ घेतात, पण तोही लाल पेशींत भरपूर, म्हणजे हिमोलिसिस झालं की तुमची मोजपट्टीच हलते. दहा-बारा नमुन्यांवर पाच-सहा मायक्रोआरएनए चालवून नॉर्मफाइंडर या सॉफ्टवेअरने स्थिर दोन निवडा.

मिर-३३ए आणि मिर-३३बी वेगळे मोजताना जपून. पहिली आठ अक्षरं दोघांची सारखीच: जीयूजीसीएयूयूजी. फरक नवव्या आणि दहाव्या जागेवर, ए मध्ये यूए तर बी मध्ये सीयू, आणि शेवटी ए मध्ये एक ए जास्त. त्यामुळे एक २१ अक्षरांचा, दुसरा २०. स्टेम-लूप प्रायमर शेवटच्या सहा अक्षरांवर बसतो, तिथे फरक पडतो खरा, पण कृत्रिम मिर-३३बी टाकून ए चा प्रायमर किती उचलतो हे एकदा तपासाच. आणि प्लाझ्मात सीटी ३५ च्या आसपास आली तर तिन्ही प्रती जुळणार नाहीत. ती गोष्ट आकडेशास्त्राने सुधारत नाही.

कृष्णाकाठ

भात आणि हळदीबद्दल. ती व्हॉट्सॲपवरची गोष्ट हवेतली नाही, तिच्या मागे एक पेपर आहे. चीनमधल्या गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलं की तांदळातला मिर-१६८ए भात खाणाऱ्यांच्या रक्तात सापडतो, आणि उंदरांच्या यकृतात तो एलडीएलआरएपी१ नावाचं प्रथिन दाबतो. हे प्रथिन एलडीएल रिसेप्टरला पेशीत आत न्यायला मदत करतं, ते कमी झालं की एलडीएल रक्तात राहतं. दावा मोठा होता, म्हणून इतरांनी तो तपासला. २०१३ मध्ये दुसऱ्या गटाने उंदरांना भात खाऊ घालून पाहिलं, तर प्लाझ्मात आणि यकृतात वनस्पतीचा मायक्रोआरएनए दखल घेण्याजोगा मिळालाच नाही. एलडीएल चढलं होतं, पण ते निव्वळ भातावर ठेवल्याने आहाराचा तोल गेल्यामुळे, भात असलेला समतोल आहार दिल्यावर तसं झालं नाही. शिवाय आकडेमोड बघा: मायक्रोआरएनएने एखादं जनुक दाबायचं तर पेशीत त्याच्या शेकडो ते हजारो प्रती लागतात. जेवणातून जठराचं आम्ल आणि आतड्यातले आरएनएज पार करून तेवढ्या प्रती यकृतापर्यंत पोचणं शक्यतेत बसत नाही.

शिबिरात लोकांना सांगा की भातातल्या आरएनएने कोलेस्टेरॉल वाढत नाही. भात फार खाल्ला, ज्वारी-बाजरीची भाकरी आणि पालेभाजी कमी झाली, वर तळण आणि वनस्पती तूप आलं, तर ट्रायग्लिसराइड आणि एलडीएलवर त्याचा परिणाम होतो, पण तो पिष्ट आणि चरबीचा. हळदीचं म्हणाल तर कर्क्युमिनने पेशींच्या डिशमध्ये बरेच मायक्रोआरएनए हलतात, पण त्या डिशमधलं प्रमाण रक्तात मिळत नाही. कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं आणि यकृत त्याला लगेच जोडून बाहेर काढतं. सांगलीच्या बाजारपेठेतली हळद स्वयंपाकात घालावी, पण तिच्या भरवशावर कुणी डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिन सोडू नये. हे शिबिरात स्पष्ट, मोठ्याने सांगा. गोळी सोडणारे लोक खरोखर असतात आणि नुकसान त्यांचं होतं.

औषधांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विद्यार्थिनींना तोंडी परीक्षेत विचारतील. मिर-३३ ला अडवून उंदरांत एचडीएल वाढलं, २०११ मध्ये आफ्रिकन हिरव्या माकडांत एचडीएल वाढलं आणि व्हीएलडीएलमधले ट्रायग्लिसराइड उतरले, मग औषध का आलं नाही? कारण मिर-३३ फक्त एबीसीए१ लाच दाबत नाही. सीपीटी१ए, सीआरओटी, एचएडीएचबी ही चरबी जाळणारी जनुकं, आयआरएस२ हे इन्सुलिनचं, एबीसीबी११ हे पित्ताचं, सगळी त्याच्या यादीत. चरबीयुक्त आहारावरच्या उंदरांत तो दीर्घकाळ अडवल्यावर ट्रायग्लिसराइड वाढले आणि यकृतात चरबी साठली, असं २०१४ मध्ये दिसलं. मिर-३३ काढून टाकलेले उंदीर लठ्ठ झाले. शिवाय एचडीएलचा नुसता आकडा वाढवून हृदयविकार टळत नाही हे टॉर्सेट्रॅपिब या एचडीएल वाढवणाऱ्या औषधाच्या वेळेसच कळलं होतं.

मिर-१२२ चंही तसंच. २००५ मध्ये उंदरांत तो अडवल्यावर कोलेस्टेरॉल उतरलं, पुढे माकडांतही उतरलं, पण एचडीएलही त्यासोबत उतरलं. मिराव्हिरसेन हे त्याचं औषध कोलेस्टेरॉलसाठी नव्हे, हेपॅटायटिस-सीसाठी माणसांत तपासलं गेलं. तो विषाणू स्वतःच्या आरएनएच्या टोकाला मिर-१२२ बांधून घेतो, म्हणून. २०१३ च्या त्या चाचणीत ३६ रुग्ण होते. पण मिर-१२२ जन्मापासून नसलेल्या उंदरांना यकृतात चरबी, मग फायब्रोसिस, मग कर्करोग होतो. कायम घ्यायच्या औषधासाठी ही भीती लहान नाही.

इन्क्लिसिरान हे एलडीएल उतरवणारं इंजेक्शन मात्र बाजारापर्यंत पोचलं, कारण तो मायक्रोआरएनए नाही, एसआयआरएनए (एकाच जनुकासाठी घडवलेला छोटा आरएनए) आहे. पीसीएसके९ च्या एमआरएनएला (जनुकावरून प्रथिन बनवायचा निरोप) अक्षरन् अक्षर जुळतो, अर्गोनॉट-२ हे पेशीतलं प्रथिन तो एमआरएनए कापतं, इतर जनुकांना धक्का जवळजवळ नाही. तीन गॅलनॅक साखरेचे रेणू जोडलेले असल्याने यकृतपेशी त्याला ओढून घेतात. २८४ मिग्रॅ पोटाच्या त्वचेखाली, मग तीन महिन्यांनी, त्यानंतर दर सहा महिन्यांनी. एलडीएल निम्म्याच्या आसपास उतरतं. युरोपात डिसेंबर २०२० मध्ये आणि अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली. मायक्रोआरएनएचं बीज (लक्ष्याशी जुळणारा भाग) फक्त सात अक्षरांचं, दुसऱ्यापासून आठव्यापर्यंत, म्हणून तो एकाच वेळी शंभर जनुकांना थोडं-थोडं दाबतो. तुमच्या प्रकल्पातही एका मायक्रोआरएनएची एका लिपिडशी सरळ रेघ मिळेल अशी अपेक्षा धरू नका.

मिरज_बायोकेम

तिघांचेही मनापासून आभार. यावरून दोन गोष्टी बदलतोय: प्लाझ्मातून मिर-३३ए काढून टाकतो, मिर-१२२ ठेवतो पण एसजीपीटी आणि सोनोग्राफीसह. आणि एका विद्यार्थिनीला पेशींवरचं काम देतो, हेप-जी२ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या यकृतपेशींमध्ये स्टॅटिन देऊन मिर-३३ए आणि एबीसीए१ बघायचं. त्यात काय सांभाळावं?

दुसरी शंका: शिबिरात एलडीएल गणिताने काढतात, ते गट पाडायला पुरे का?

लिपिड_कराड

फ्रिडवाल्डचं सूत्र म्हणजे एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. एकूण २४०, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड २०० असेल तर १६० येतं, म्हणजे नेमकं तुमच्या रेषेवर. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र वापरायचंच नाही, आणि २०० च्या पुढेच ते एलडीएल कमी दाखवायला लागतं. रेषेच्या दोन्ही बाजूंच्या लोकांचं एलडीएल थेट पद्धतीने मोजून घ्या, नाहीतर दोन गट एकमेकांत मिसळतील.

पेशींसाठी: हेप-जी२ ला स्टॅटिन देण्याआधी लिपोप्रोटीन काढलेल्या सीरमवर आणा. साध्या १० टक्के सीरममध्ये पेशी बाहेरून कोलेस्टेरॉल घेऊन भरपाई करतात आणि एसआरईबीपी-२ पुरेसं जागं होत नाही. सिम्व्हास्टॅटिन वापरणार असाल तर ते लॅक्टोन रूपात येतं, सोडियम हायड्रॉक्साइडने उघडून पीएच ७.२ च्या आसपास आणूनच वापरा. ५ मायक्रोमोलर, २४ तास. उलट दिशेचा नियंत्रण गट म्हणून २५-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल द्या, त्यात मिर-३३ए खाली यायला हवा. एकाच पेशीत दोन्ही दिशा दिसल्या तर काम भक्कम होतं.

मोठी अडचण अशी की यकृतपेशीत एबीसीए१ ला आणखी एक प्रमोटर (जनुक चालू करणारा भाग) आहे आणि तो एसआरईबीपी-२ ने चालतो. स्टॅटिन दिल्यावर एबीसीए१ चा एमआरएनए खाली न जाता वरही जाऊ शकतो. मिर-३३ए तो त्याच वेळी प्रथिनाच्या पातळीवर दाबत असतो. म्हणून नुसता एमआरएनए मोजून थांबू नका, प्रथिन बघा, आणि अँटी-मिर-३३ (मिर-३३ ला अडवणारा रेणू) दिल्यावर ते वाढतं का हे बघा. अँटी-मिर ५० नॅनोमोलर, सोबत विस्कटलेल्या अक्षरांचा नियंत्रण.

क्यूपीसीआर_सातारा

वेस्टर्न ब्लॉटला (जेलवर प्रथिन ओळखायची पद्धत) एबीसीए१ चा नमुना ९५ अंशांवर उकळू नका. पेशीच्या पडद्यातून अनेकदा आरपार जाणारं प्रथिन आहे, उकळलं की गोळा होऊन जेलच्या खाचेच्या तोंडाशीच अडकतं आणि पट्टीच दिसत नाही. ३७ अंशांवर २० ते ३० मिनिटं पुरे. वजन २५४ किलोडाल्टन, म्हणून ६ टक्के जेल आणि ओली ट्रान्सफर, थंड खोलीत रात्रभर. अर्ध-कोरडी वापरलीत तर एवढं मोठं प्रथिन जेलमध्येच राहतं.

आणि शिबिराच्या सेंट्रिफ्यूजचा रोटर मोजून घ्या. १९०० जी म्हणजे १६ सेंटीमीटर त्रिज्येवर मिनिटाला सुमारे ३२६० फेरे, १० सेंटीमीटरवर सुमारे ४१२०. बटणावर ३००० लावून दिलंत तर मोठ्या रोटरवर साधारण १६०० जी मिळतं आणि छोट्यावर जेमतेम १०००. त्रिज्या नळीच्या तळापर्यंत धरायची, रोटरच्या कडेपर्यंत नाही. जत आणि आटपाडीला वेगवेगळी मशीन नेणार असाल तर दोन्हींचे फेरे काढून झाकणावर चिकटवून ठेवा.